मोजपट्टी कोण तपासणार?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कोणत्याही बऱ्यापैकी कारखान्याच्या गुणवत्ता विभागात प्रत्येक व्हर्नियरवर, मायक्रोमीटरवर आणि प्रेशर गेजवर एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली दिसते. उपकरण शेवटचे कधी तपासले आणि पुढची तपासणी कधी आहे, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. मुदत उलटलेल्या मायक्रोमीटरने मोजलेला भाग ग्राहकाचा ऑडिटर मान्य करत नाही, त्यामुळे या बाबतीत सहसा हयगय होत नाही. त्याच कारखान्याच्या वरच्या मजल्यावर मात्र दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये माणसांना एक ते पाच असे गुण दिले जातात आणि त्यांवरून कोणाला बढती मिळणार हे ठरते. हे गुण देणाऱ्यांची तपासणी कधी झाली, त्याच कामगाराला दुसऱ्या साहेबांनी किती गुण दिले असते, हे कोणी विचारत नाही. बढतीवरून होणारे बहुतेक तंटे या विसंगतीतून जन्माला येतात आणि ते कमी करण्यासाठी लागणारी विद्या त्याच कारखान्याच्या खालच्या मजल्यावर रोज वापरात असते, असे माझे मत आहे.

वाद दिसण्याच्या तऱ्हा जागेनुसार बदलतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील जुन्या इंजिनीअरिंग युनिटांत तो युनियनच्या फलकावर आणि गेटवरच्या कुजबुजीत दिसतो. नवी मुंबईतील ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांत तो राजीनाम्याच्या रूपाने येतो. बढतीची पत्रे निघाल्यानंतरच्या दोन महिन्यांत कोण कोण नोटीस पीरियडवर गेले, ते पाहिले की वादाचा आवाका कळतो. दोन्हीकडे व्यवस्थापनाचे निदान मात्र एकच असते: अमुक माणूस नाराज आहे, तमक्याचा स्वभाव भांडखोर आहे, त्या दोघांचे पहिल्यापासून पटत नाही. निदान स्वभावाचे असल्यामुळे उपचारही स्वभावावर होतात. कोणाची बदली केली जाते, कोणाला चहाला बोलावून समजावले जाते, सगळ्या विभागाला कर्जतच्या एखाद्या रिसॉर्टवर नेऊन दोरी ओढण्याचे खेळ खेळवले जातात. पुढच्या एप्रिलमध्ये वाद पुन्हा उभा राहतो. फक्त भांडणारी माणसे बदललेली असतात.

माणसे बदलूनही तोच वाद परत येत असेल, तर कारण माणसांत शोधणे व्यर्थ आहे, हे गुणवत्ताशास्त्राने शंभर वर्षांपूर्वीच सांगितले आहे. १९२४ मध्ये अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण आलेख, म्हणजे प्रक्रियेतील चढउतार नेहमीच्या मर्यादेत आहेत की नाहीत हे दाखवणारा आलेख, मांडला. त्यामागचा विचार असा की, प्रत्येक प्रक्रियेत होणारे चढउतार दोन प्रकारचे असतात. काही त्या प्रक्रियेच्या घडणीतूनच सतत निर्माण होतात, तर काही एखाद्या विशिष्ट, वेगळ्या काढता येणाऱ्या कारणामुळे होतात. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी हा विचार व्यवस्थापनापर्यंत नेला आणि अडचणींपैकी सुमारे चौऱ्याण्णव टक्के व्यवस्थेच्या असतात, म्हणजे त्यांची जबाबदारी व्यवस्थापनाची असते, असा आपला अंदाज नोंदवला. हा आकडा कोणी शब्दशः घेऊ नये. त्यामागची दिशा महत्त्वाची आहे. व्यवस्थेतून निर्माण होणाऱ्या दोषाला सुटी घटना समजून जागच्या जागी दुरुस्ती करत राहिले की प्रक्रिया अधिकच बिघडते, हेही डेमिंग यांनी दाखवून दिले होते. बढतीच्या बाबतीत हे आपल्याकडे सर्रास घडते. एकाने आवाज चढवला म्हणून त्याचे इन्क्रिमेंट मागच्या दाराने वाढवून दिले जाते, ती बातमी जेवणाच्या सुटीत कँटीनभर पसरते आणि आवाज चढवणे हाही बढतीचा एक अलिखित निकष आहे, असा धडा उरलेले घेतात.

प्रक्रिया सुधारायची तर पहिला प्रश्न असतो तो दोष नेमका कोणता, हा. बढती न मिळणे हा दोष नव्हे. जागा तीन आणि इच्छुक वीस असतील, तर सतरा जण मागे राहणारच आणि कोणतीही पद्धत हे गणित बदलू शकत नाही. आपण का मागे राहिलो हे त्या सतरा जणांना कळत नाही, किंवा कळते ते त्यांना पटण्याजोगे नसते, हा खरा दोष आहे. १९७५ मध्ये जॉन थिबॉ आणि लॉरेन्स वॉकर यांनी न्यायप्रक्रियेवरील आपल्या संशोधनातून दाखवले की, आपले म्हणणे ऐकून घेतले गेले आणि निर्णयाची रीत उचित होती असे वाटले, तर माणसे विरोधात गेलेला निकालही बऱ्याच अंशी स्वीकारतात. त्यामुळे आलेल्या तक्रारींची संख्या मोजून समाधान मानणाऱ्या एचआर विभागांविषयी मला शंका वाटते. तक्रारी शून्यावर आल्या याचा अर्थ लोक समाधानी आहेत असाही होतो आणि लोक घाबरलेले आहेत असाही होतो. त्याऐवजी आश्चर्य मोजावे. पत्रे निघण्यापूर्वी प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्याला कोणती श्रेणी मिळेल ते लिहून द्यावे आणि ते प्रत्यक्ष श्रेणीशी ताडून पाहावे. जिथे अंतर मोठे आहे, तिथे वर्षभरात साहेब आणि कर्मचारी यांच्यात काही बोलणेच झालेले नाही, हे उघड होते. आणि वाद पेटतो तो बहुधा तिथेच.

आता मोजमापाकडे वळू. कारखान्यात एखादे उपकरण भरवशाचे आहे की नाही हे ठरवताना दोन गोष्टी पाहतात. त्याच माणसाने तोच भाग काही दिवसांनी पुन्हा मोजला तर तोच आकडा येतो का, ही पहिली. आणि दुसऱ्या माणसाने तोच भाग मोजला तर आकडा जुळतो का, ही दुसरी. एकूण चढउतारापैकी मोजमापामुळे आलेला वाटा दहा टक्क्यांच्या आत असेल तर वाहन उद्योगात ते मोजमाप चांगले मानतात आणि तीस टक्क्यांच्या वर गेला तर नाकारतात. हीच कसोटी साहेबांच्या गुणांना लावली तर काय दिसते? २००० साली स्कलेन, माउंट आणि गॉफ या संशोधकांनी अमेरिकेतील व्यवस्थापकांना मिळालेल्या गुणांचे विश्लेषण केले, तेव्हा गुणांमधील निम्म्याहून अधिक फरक हा गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या सवयींमुळे पडलेला आढळला. ज्याला गुण दिले त्याच्या कामाचा वाटा त्यापेक्षा कमी होता. असे मायक्रोमीटर आपण त्याच दिवशी भंगारात काढले असते. इथे मात्र त्याच्याच भरवशावर माणसांच्या पुढच्या दहा वर्षांची दिशा ठरवली जाते.

तपासणी अवघड नाही. मागील वर्षांच्या दहा फायली काढाव्यात. त्यांतून नाव, विभाग, फोटो आणि स्त्री-पुरुष कळेल असा सगळा मजकूर झाकावा आणि बढतीच्या समितीवर बसणाऱ्या पाच जणांना एकमेकांशी न बोलता गुण द्यायला सांगावे. तीन आठवड्यांनी क्रम बदलून त्याच फायली पुन्हा द्याव्यात. ज्याचे स्वतःचेच दोन वेळचे गुण जुळत नाहीत, त्याने आधी ते का याचे उत्तर शोधावे. पाच जणांचे गुण जिथे सर्वांत दूर गेले आहेत, त्या दोन-तीन फायलींवर मग मोकळेपणाने बोलावे, कारण तिथेच निकषाचा खरा अर्थ बाहेर येतो. एकाला ‘पुढाकार’ म्हणजे बैठकीत बोलणे वाटते. दुसऱ्याला रात्रपाळीत मशीन बंद पडल्यावर कोणाची वाट न पाहता देखभाल विभागाला उठवणे म्हणजे पुढाकार वाटतो. तिसऱ्याच्या लेखी पुढाकार म्हणजे सुटीच्या दिवशी फोन उचलणे. फॉर्मवर शब्द एक असतो आणि मोजल्या जात असतात तीन वेगळ्या गोष्टी. अशा चर्चेनंतर ‘नेतृत्वगुण’ असा ढोबळ रकाना काढून, या माणसाने शिकवलेले किती नवे ऑपरेटर आज स्वतंत्रपणे मशीन चालवतात, असा डोळ्यांना दिसणारा प्रश्न तिथे घालता येतो. फायलीत साहेबांनी लिहिले तेवढेच असते, ही या चाचणीची मर्यादा आहे; म्हणून वर्षभराच्या घटनांची नोंद महिन्याच्या महिन्याला होणे आणि त्या नोंदीवर कर्मचाऱ्याचीही सही असणे आवश्यक आहे. एरवी फेब्रुवारीतील एक चूक आधीच्या दहा महिन्यांच्या कामाला पुसून टाकते.

या चर्चेत आणखी एक गोष्ट हमखास वर येते आणि ती या परिसराशी घट्ट बांधलेली आहे. घणसोली, रबाळे, तुर्भे येथे काम करणारी पुष्कळ माणसे डोंबिवली, कल्याण, बदलापूर किंवा त्याही पलीकडून येतात. ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स हार्बर मार्गाच्या लोकलने पुढे जायचे आणि संध्याकाळी तीच कसरत उलट्या दिशेने करायची, असा त्यांचा दिवस असतो. साडेसहाची गाडी चुकली तर घरी पोहोचायला किती वाजतील, हे त्यांना तोंडपाठ असते. ऐरोलीतच भाड्याने राहणारा तरुण आठपर्यंत सहज थांबतो आणि साहेबांच्या डोळ्यांसमोर राहतो. कोणी जाणूनबुजून अन्याय करत नाही. तरीही ‘निष्ठा’ या रकान्यात त्याला एक गुण जास्त पडतो, आणि मूल पाळणाघरातून वेळेत आणायचे आहे म्हणून सहाला निघणाऱ्या बाईला एक कमी. जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांच्या माशाच्या काट्यासारख्या आकृतीत बढतीच्या वादाची कारणे मांडायला बसलो, तर रेल्वेचे वेळापत्रक हा त्यातला एक ठळक काटा ठरेल. भांडणाऱ्यांच्या तोंडी ‘वशिला’ हा शब्द असतो, पण तपासाअंती पुष्कळदा वशिला सापडत नाही. कामाच्या जागेपासून घराचे अंतर सापडते.

गुण दिल्यानंतर जे होते ते मोजमापापेक्षाही वाईट असते. विभागप्रमुखाने दिलेले गुण एका बंद खोलीतील बैठकीत जातात आणि तिथे ते ठरावीक घंटाकृती आलेखात बसवले जातात: इतके टक्के उत्कृष्ट, इतके मध्यम, इतके सुमार. हजारो माणसांच्या संख्येत असा आलेख कदाचित शोभेल. आठ जणांच्या सेक्शनमध्ये त्याला काहीही संख्याशास्त्रीय आधार नाही. आठही जण चांगले असले तरी एकाला सुमार ठरवावे लागते, आणि मग तो ‘यंदाचा बळी’ कोण, यावर तडजोड होते. खालचा साहेब कर्मचाऱ्याला सांगतो, ‘मी तर तुला चार दिले होते, वर कापले.’ या एका वाक्याने सगळ्या प्रक्रियेवरचा विश्वास जातो आणि ते बहुधा खरे असते. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीने सक्तीच्या क्रमवारीची ही रीत २०१३ मध्ये सोडून दिली. आपल्याकडच्या कित्येक मध्यम कंपन्या मात्र ती आधुनिकतेची खूण समजून अजून धरून बसल्या आहेत. प्रक्रियेच्या नकाशावर ही बैठक म्हणजे निव्वळ फेरकाम आहे. खाली तयार झालेला माल वर नेऊन, कारण न लिहिता, पुन्हा घासण्याचा हा प्रकार उत्पादन विभागात कोणी चालवून घेतला नसता. वरच्या बैठकीला गुण बदलायचे असतील तर जरूर बदलावेत. मात्र कारण दोन ओळींत लिहून ते कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचवण्याचे बंधन असावे.

यावर युनियनचे उत्तर ठरलेले असते आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही: सेवाज्येष्ठता धरा, वाद संपला. मोजमापाच्या भाषेत या उत्तराची ताकद लगेच कळते. रुजू होण्याची तारीख कोणीही, कधीही, कितीही वेळा मोजली तरी तीच येते. ज्येष्ठता यादीसारखे स्थिर उपकरण दुसरे नाही आणि म्हणूनच कामगारांचा तिच्यावर विश्वास आहे. अडचण एवढीच की ती जे मोजते, ते आपल्याला मोजायचे होते की नाही, हा प्रश्न उरतो. वीस वर्षे त्याच लेथवर उत्तम काम करणारा कारागीर वीस जणांची पाळी सांभाळू शकेलच असे नाही. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो: गुणवत्तेच्या नावाखाली अस्थिर मोजमाप वापरणाऱ्या कंपनीपेक्षा प्रामाणिकपणे ज्येष्ठता पाळणारी कंपनी अधिक न्याय्य आहे. ज्यांना गुणवत्ता हवी आहे, त्यांनी ती मोजता येते हे आधी सिद्ध करावे, मगच ज्येष्ठतेला नावे ठेवावीत.

सरकारी कार्यालयांना खासगी क्षेत्रातील मंडळी नाके मुरडतात, पण या विषयात तिथून शिकण्यासारखे बरेच आहे. महापालिकेत किंवा मंत्रालयात ज्येष्ठता यादी आधी तात्पुरती प्रसिद्ध होते, तिच्यावर हरकती मागवल्या जातात, मग अंतिम यादी लागते. निर्णयापूर्वीच हरकतीला जागा ठेवणारी ही रीत वेळखाऊ असली तरी तत्त्वतः उत्तम आहे. गोपनीय अहवालाच्या, म्हणजे वरिष्ठाने दरवर्षी लिहिलेल्या कामाच्या शेऱ्यांच्या, बाबतीत सरकारी व्यवस्थेलाही न्यायालयाने शिकवावे लागले. सीमा रस्ते विभागातील एका अभियंत्याच्या अहवालात एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा होता. बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ हवा होता आणि तो ‘चांगला’ शेरा त्याला कधी कळवलाच गेला नव्हता. २००८ मध्ये देव दत्त विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वाईटच नव्हे तर प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध दाद मागता येईल. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने हीच भूमिका कायम केली. खासगी कंपन्यांना हे निकाल बंधनकारक नाहीत, परंतु त्यांतील तर्क कारखान्याच्या भाषेतही तितकाच चोख आहे: ज्या दोषाची माहिती तो करणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, तो दुरुस्त होत नाही. कामगारांपुरते बोलायचे तर महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याने, गुणवत्ता न पाहता एका गटाला झुकते माप देणे ही मालकाची अनुचित प्रथा ठरवली. व्यवस्थापकीय पदावरील माणसाला मात्र ते दार सहसा उघडे नसते. तो न्यायालयात जात नाही, नोकरी बदलतो.

या सगळ्यावर सर्वांत गंभीर आक्षेप खुद्द डेमिंग यांचाच निघतो. वार्षिक गुणांकन ही रीतच त्यांनी व्यवस्थापनाच्या घातक रोगांत गणली होती. मग त्यांच्याच विद्येने गुणांकन सुधारायला निघणे हा विरोधाभास नाही का? आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. माझ्या मते यातून वाट निघते ती वार्षिक श्रेणी आणि बढती यांची ताटातूट करूनच. श्रेणी मागच्या कामाबद्दल बोलते. बढती हा पुढच्या, वेगळ्या कामाबद्दलचा अंदाज असतो. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील विक्री प्रतिनिधींची आकडेवारी तपासली, तेव्हा ज्यांची विक्री जास्त त्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त, पण तेच लोक व्यवस्थापक झाल्यावर त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी घसरते, असे चित्र दिसले. म्हणून पाळी प्रमुखाची जागा रिकामी होण्यापूर्वी दोन-तीन उमेदवारांना पाळीपाळीने तीन-तीन महिने प्रभारी म्हणून काम द्यावे, त्यासाठी भत्ता द्यावा आणि त्या काळातील काम पाहून निवड करावी. ज्याला जागा मिळाली नाही, त्याने निदान ती खुर्ची आतून पाहिलेली असते. ‘मला संधीच दिली नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडी राहत नाही, आणि काही जण तर तीन महिन्यांनंतर स्वतःहून ‘नको’ म्हणतात.

पदांचा त्रिकोण वर निमुळता होतो, हे वास्तव कोणत्याही सुधारणेने बदलत नाही. यंदा किती जागा आहेत हे वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करण्याची हिंमत मात्र दाखवता येते; गाजर दाखवत ठेवण्यापेक्षा ‘यंदा एकही जागा नाही’ हे वाक्य कमी जखम करते. कुशल कारागिराला माणसे सांभाळायला न लावता त्याच्या हुन्नराच्या बळावर वेतनश्रेणी वाढवून देणारी स्वतंत्र शिडीही ठेवता येते. कंत्राटी कामगारांसाठी यातले काहीच लागू होत नाही, कारण त्यांच्यासमोर शिडीच नाही. एकाच लाइनवर, एकाच गणवेशात उभ्या असलेल्या दोघांपैकी एकासाठी ही सगळी चर्चा परकी असते. तो प्रश्न मोठा आणि वेगळा आहे, पण कायम कामगारांच्या बढतीची प्रक्रिया चकचकीत करून कंपनी न्याय्य झाली असे कोणी मानू नये.

कामाला हात घालण्याचा महिना एप्रिल नसावा. तोपर्यंत प्रत्येकाचे हितसंबंध जागे झालेले असतात आणि तपासणी म्हणजे आपल्याविरुद्धचा डाव आहे, असे कोणाला तरी वाटतेच. दिवाळीनंतरचे दिवस योग्य. गुण देणाऱ्यांची चाचणी नोव्हेंबरात घ्यावी, निकषांचे शब्द डिसेंबरात बदलावेत, जानेवारीत ते युनियनच्या आणि कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींसमोर ठेवावेत. आकडेमोड गुणवत्ता विभागाकडे द्यावी, एचआरकडे नव्हे. ज्यांची प्रक्रिया तपासली जात आहे त्यांनीच निकाल लिहिणे बरे नाही, आणि गेज तपासणाऱ्या मंडळींना हे काम नवे नाही. व्यवस्थापनाने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. कारणे लेखी मिळू लागली की पहिल्या वर्षी तक्रारी वाढतात, कारण आजवर कँटीनमध्ये विरून जाणारे बोलणे कागदावर येऊ लागते. हा आकडा पाहून बिथरलेला एचआर प्रमुख मे महिन्यातच सगळी योजना गुंडाळून ठेवण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून संचालकांकडून निदान दोन पूर्ण वर्षांची मंजुरी लेखी घ्यावी आणि पहिल्या वर्षाच्या तक्रारींच्या आकड्यावर कोणाचेही मूल्यमापन होणार नाही, हे त्याच कागदावर नमूद करून घ्यावे.